चिखलानंतर तापणारी गाडी : कारणे, निदान आणि पेडणे-डिचोलीची माती

चिखलातून गाडी सुखरूप बाहेर येते, घरापर्यंत व्यवस्थित पोचते आणि दुसऱ्या दिवशी मालपेच्या चढणीला किंवा चोर्ला घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. पावसाळ्यात फोर-बाय-फोर घेऊन आडवाटेला जाणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे आणि तिच्यावरचे उपायही ठरलेले आहेत. कोणी थर्मोस्टॅट काढून टाकतो, कोणी कूलंट बदलतो, कोणी नवा वॉटर पंप बसवतो, तर कोणी थेट हेड उघडायला सांगतो. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या गाडीत बरोबर ठरतो. समोरच्या गाडीत कोणता बरोबर, हे ठरण्याआधीच पाना फिरू लागतो. मग पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

या प्रश्नाची सगळी अंगे एका ठिकाणी मांडावीत, म्हणून हा आढावा. माझे मत आधीच सांगतो. चिखलात जाऊन आल्यावर लगेच सुरू झालेले तापणे बहुतेक वेळा हवेच्या वाटेवरचे असते. रेडिएटरच्या जाळीतून जायला हवा असलेला वारा कुठेतरी अडलेला असतो. म्हणून तपासणीही तिथूनच सुरू व्हावी. पाण्याची वाट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि शेवटी हेड गॅसकेट यांचा क्रम त्यानंतरचा. हा क्रम पाळला तर बऱ्याच गाड्यांचा दोष एका संध्याकाळी, जवळजवळ फुकटात सापडतो. क्रम चुकला आणि गाडी तशीच पळवली, तर साध्या चिखलाचे रूपांतर हेडच्या कामात होते.

दोन तालुके, चार प्रकारचा चिखल

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. याच ओल्या मोसमाने गोव्याला ऑफ-रोडिंगच्या नकाशावर आणले. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये गोव्यात, ऐन पावसाळ्यात भरली. पुढे २०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली, आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या थार किनारपट्टीवर सर्रास दिसू लागल्या. पूर्वी चिखलात गाडी घालणारा बहुधा स्वतः पाना धरणारा असे. आता तसे राहिलेले नाही. म्हणून निदानाचे ज्ञान गॅरेजच्या बाहेर, मालकापर्यंत पोचायला हवे.

इथला चिखलही एकसारखा नाही. पेडणे तालुक्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा आणि पश्चिमेला समुद्र. मोपाच्या सड्यावर २०२२ च्या डिसेंबरात मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. तो सडा आणि त्याच्या आसपासचे माळ जांभ्या दगडाचे आहेत. जांभ्याची तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडांनी आणि अतिशय बारीक चिकणमातीने भरलेली असते. ती ओली असताना पातळ असते, कुठल्याही फटीत शिरते आणि वाळली की घट्ट धरून बसते.

त्याच तालुक्यात आगरवाड्याची मिठागरे आणि खाड्यांकाठची खाजने, म्हणजे बांध घातलेली खारी शेते, आहेत. तिथला काळसर चिखल खारा असतो. तो जाळी बुजवतोच, शिवाय ॲल्युमिनियमच्या पातळ पंखांना आणि तारांच्या जोडांना खातो. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावरची वाळू आणि खारा वारा हा तिसरा प्रकार.

डिचोली तालुक्याची कहाणी लोहखनिजाची आहे. शिरगाव, मुळगाव, मये या भागांत खाणींच्या मातीचे ढीग पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले आणि दर पावसात त्यांचा गाळ व्हाळांत आणि शेतांत उतरत आला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खनिज उत्खनन परत सुरू झाले. या सगळ्या काळात गाळ मात्र जागेवरच होता. खनिजाची भुकटी मिसळलेला हा चिखल जड आणि बारीक असतो. खाणीवरच्या डंपर आणि एक्स्कॅव्हेटरच्या देखभालीत रेडिएटर साफ करणे हे नेहमीचे काम असते. हौशी गाड्यांच्या मालकांनी ती शिस्त अजून उचललेली नाही.

इंजिनातली उष्णता जाते कुठे

इंधन जळून जी उष्णता तयार होते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे बाहेर जाते आणि उरलेल्यातली बहुतेक कूलंटमार्फत रेडिएटरला द्यावी लागते. कूलंट इंजिनात फिरवायचे काम वॉटर पंपाचे. इंजिन गार असताना रेडिएटरची वाट बंद ठेवायची आणि साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ती उघडायची, हे थर्मोस्टॅटचे. रेडिएटरच्या जाळीतून वारा खेचायचे काम पंख्याचे, आणि गाडी वेगात असताना समोरून येणाऱ्या वाऱ्याचे.

झाकणाचेही काम मोठे आहे. पाणी आणि ग्लायकॉल अर्धे-अर्धे मिसळलेले कूलंट उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते. झाकणाने सुमारे एक बारचा दाब धरून ठेवला की तेच कूलंट १२५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाच्या रबरी कडेत चिखलाचा एक कण अडकला तरी दाब सुटतो आणि एरवी सहज पेललेल्या तापमानाला पाणी उकळून बाहेर पडते.

चिखलात गाडी लो-रेंजमध्ये, वरच्या फेऱ्यांवर आणि चालीच्या वेगाने चालते. म्हणजे उष्णता सर्वांत जास्त आणि समोरून येणारा वारा जवळजवळ शून्य. सगळा भार पंख्यावर येतो. अशा वेळी काटा थोडा वर जाणे स्वाभाविक आहे. गाडी थांबवून दोन-तीन मिनिटे चालू ठेवल्यावर तो खाली आला, तर काळजी नाही. तो खाली येत नसेल, किंवा चिखलातून बाहेर आल्यावरही चढत असेल, तर दोष शोधायला हवा.

हवेची वाट

आजच्या बहुतेक टर्बो डिझेल गाड्यांत समोरच्या ग्रिलच्या मागे एकापाठोपाठ एक थर असतात. एसीचा कंडेन्सर, बऱ्याचदा इंटरकूलर आणि त्यांच्यामागे रेडिएटर. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलरही याच रांगेत असू शकतो. समोरून पाइप मारला की कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मालकाचे समाधान होते. चिखल मात्र कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत बसलेला असतो. तो समोरूनही दिसत नाही आणि इंजिनाच्या बाजूनेही दिसत नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की तो वाळतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याला पक्की भिंत लागते. आदल्या दिवशी ओल्या चिखलात न तापलेली गाडी दुसऱ्या दिवशी कोरड्या रस्त्यावर का तापते, याचे उत्तर बहुधा इथे मिळते.

दुसरा संशयित पंखा. जुन्या जिप्सीत आणि जुन्या महिंद्रा जीपमध्ये पंखा पट्ट्यावर फिरतो. पट्ट्यावर ओला चिखल बसला की तो घसरतो. खोल व्हाळ ओलांडताना पाण्यात फिरणारी पाती पुढे वाकून रेडिएटर कापू शकतात, म्हणून जुने चालक पाण्यात शिरण्याआधी पट्टा उतरवत. वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असेल, तर पलीकडे जाऊन पट्टा परत चढवायला विसरणे महागात पडते. व्हिस्कस पंख्याच्या मधोमध सिलिकॉन द्रव असलेला क्लच असतो आणि त्याच्या तोंडावरची धातूची पट्टी उष्णतेनुसार तो क्लच घट्ट करते. त्या पट्टीवर चिखल वाळला की पंख्याला गरमी कळतच नाही. विजेच्या पंख्यात मोटरचे बेअरिंग, रिले, फ्यूज आणि पाणी शिरलेले जोड हे दोष सापडतात.

तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कवच फुटले किंवा सुटले तर पंखा जाळीतून हवा खेचण्याऐवजी आजूबाजूची हवाच घुसळतो. इंजिनखालच्या संरक्षक पत्र्यात चिखल खच्चून भरला तर बॉनेटखालची गरम हवा बाहेर जायला वाट उरत नाही. पुढे बसवलेला विंच, जादा दिवे, मोठी नंबरप्लेट हेही वाऱ्याच्या आड येतात, आणि गाडी सजवताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

पाण्याची वाट

ऑफ-रोडिंगचा संबंध इथे वेगळ्या प्रकारे येतो. दगड, मुळे आणि चॅसिसचे पिरगळणे यामुळे होज ढिले होतात, क्लिप सरकतात. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला तडा जाऊ शकतो. तापलेला रेडिएटर एकदम गार पाण्यात बुडाला तर हा धोका वाढतो. वॉटर पंपाच्या बेअरिंगात गाळ शिरला की काही दिवसांनी सील जाते. पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून ओघळ येणे किंवा तिथे रंगीत पापुद्रा जमणे ही त्याची खूण.

थर्मोस्टॅट चिखलाने बिघडत नाही. तो आधीच आळसावलेला असेल तर चिखलातल्या भाराने उघडा पडतो, इतकेच. रेडिएटरच्या आतल्या नळ्या गंजाने आणि क्षारांनी बुजलेल्या असतील, तर तेही तसेच. जिथे वर्षानुवर्षे कूलंटऐवजी विहिरीचे पाणी भरले गेले, विशेषतः समुद्राजवळच्या गावांत, तिथे हा दोष गृहीत धरूनच तपासावे.

हेड गॅसकेट हे बहुतेक वेळा तापण्याचे मूळ कारण नसते. ते तापण्याचे फळ असते. एकदा पाणी उकळून गेले आणि तरी गाडी चालवली, की ॲल्युमिनियमचे हेड वाकडे होते, गॅसकेट उडते आणि त्यानंतर गाडी गॅसकेटमुळे तापू लागते. त्या अवस्थेत रेडिएटर कितीही धुतला तरी उपयोग होत नाही. नव्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर आतून गळू लागला तरी बाहेर एक थेंब न दिसता कूलंट कमी होत जाते, हेही लक्षात ठेवावे.

वाढलेला भार आणि फसवा काटा

काही गाड्यांची थंड करणारी यंत्रणा ठणठणीत असते, पण इंजिनावर नको तो भार पडत असतो. थार, जिम्नी, जिप्सी, गुरखा या गाड्यांची फोर-व्हील-ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर लीव्हर ४एच मध्ये राहिला तर पुढच्या आणि मागच्या चाकांची ओढाताण होते आणि इंजिन विनाकारण राबते. ब्रेकच्या कॅलिपरमध्ये चिखल वाळून पॅड घासत राहिले तरी तसेच. थोडे चालवून थांबल्यावर एकच चाक इतर तिन्हींपेक्षा बरेच गरम लागले तर उत्तर तिथे आहे. मऊ वाळूत रुतलेली गाडी रेटताना स्वच्छ रेडिएटरची गाडीसुद्धा तापते.

काटाही फसवतो. नव्या गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. खरे तापमान बऱ्याच अंशांनी वर-खाली झाले तरी काटा मध्येच उभा राहतो आणि हलतो तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो. गाडीच्या निदानासाठीच्या (ओबीडी) सॉकेटमध्ये बसणारा छोटा ब्लूटूथ रीडर मोबाइलवर खरे अंश दाखवतो. चिखलात जाणाऱ्या प्रत्येक गाडीत तो असावा. दुसऱ्या टोकाला, सेन्सरच्या जोडात पाणी शिरले तर थंड गाडीचा काटाही वर जाऊ शकतो. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट ही की कूलंट पूर्ण निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि वर गेलेला काटा अचानक खाली येतो. त्याला सुटका समजून पुढे निघालेल्यांची इंजिने जाम झालेली आहेत.

काटा केव्हा चढतो?

निदानातला सर्वांत मोलाचा पुरावा मालकाजवळच असतो. गाडी कधी तापते, हे नेमके सांगता आले तर गॅरेजचे निम्मे काम होते.

सिग्नलला किंवा रांगेत उभी असताना तापते आणि वेग घेतला की गार होते, तर पंखा पाहा. हळू चालताना ठीक आणि महामार्गावर किंवा घाटात तापते, तर जाळी बाहेरून चिखलाने किंवा आतून क्षारांनी बुजली आहे, अथवा पंपाचे पाणी कमी पडते. कमी भाराची उष्णता अर्धवट बुजलेली जाळी काढून टाकते, पूर्ण भाराची नाही. थंड गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढतो, इंजिन तापलेले आणि रेडिएटर गार, तर थर्मोस्टॅट उघडत नाही. काटा एकदम उडी मारतो आणि परत खाली येतो, हीटरमधून कधी गरम तर कधी गार हवा येते, तर यंत्रणेत हवा अडकली आहे किंवा पाणी कमी आहे. बाहेर गळती नसताना पाणी कमी होते, इंजिन सुरू होताच टाकीत सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो किंवा तेल दुधी चहासारखे दिसते, तर गॅसकेटचा संशय धरावा.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी पूर्ण गार गाडीची. कूलंटची पातळी, झाकणाची रबरी कड, होज, क्लिप, पट्टा, पंख्याचे कवच आणि खालचा पत्रा नजरेने आणि हाताने तपासा.

दुसरी पायरी उजेडाची. अंधार पडल्यावर जोरदार टॉर्च रेडिएटरच्या इंजिनाकडच्या बाजूला धरा आणि समोरून पाहा. जिथून उजेड झिरपत नाही, तिथे चिखल आहे. जिथे थर दाट आहेत तिथे वरचे स्क्रू काढून कंडेन्सर थोडा पुढे झुकवावा लागतो. त्याच्या नळ्यांत गॅस दाबाखाली असतो, म्हणून तो ओढायचा नाही.

तिसरी पायरी पंख्याची. इंजिन बंद आणि गार असताना व्हिस्कस पंखा हाताने फिरवा. थोडा विरोध जाणवला पाहिजे. तो मोकळा गरगर फिरत राहिला तर क्लच गेला आहे. विजेचा पंखा असेल तर एसी लावल्यावर तो फिरतो का ते पाहा. मग पंखा चालू असताना जाळीसमोर कागद धरा. वारा नीट खेचला जात असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो.

चौथी पायरी तापमानाची. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घरावरचे तापमान मोजून ते ओबीडीच्या आकड्याशी जुळवा. मोठा फरक आला तर सेन्सर किंवा वायरिंग. रेडिएटरच्या पृष्ठभागावर मधेच गार पट्टे आढळले तर आतल्या नळ्या बुजल्या आहेत.

पाचवी पायरी दाबाची. हातपंपाने यंत्रणेत झाकणावर लिहिलेल्या मापाइतका दाब भरून दहा-पंधरा मिनिटे थांबा. दाब उतरला तर गळती आहे, दिसो अथवा न दिसो. सहावी आणि शेवटची पायरी हेडची. टाकीच्या तोंडावर ब्लॉक टेस्टर धरला आणि त्यातल्या निळ्या द्रवाचा रंग बदलला, तर जळालेला वायू कूलंटमध्ये येतो आहे. मग कॉम्प्रेशन तपासून हेड उघडण्याचा निर्णय घ्यावा, त्याआधी नाही.

पहिल्या तीन पायऱ्यांना टॉर्च, कागद, फार तर एक स्क्रूड्रायव्हर आणि हात एवढेच लागते. चौथीची साधने स्वस्त आहेत. पाचवी आणि सहावी गॅरेजची. इंजिनाचे काम सुचवणाऱ्या मेकॅनिकला या सहांपैकी कोणत्या चाचण्या झाल्या, हे विचारण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे.

मतभेदाच्या जागा

थर्मोस्टॅट काढून टाकावा, हा सल्ला आपल्याकडे जुना आहे आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचते, इंधन जास्त जाते आणि झीज वाढते. काही इंजिनांत त्याच्या अनुपस्थितीत पाण्याचा एक भाग रेडिएटरला टाळून परत इंजिनातच फिरतो आणि भारावर गाडी उलट जास्त तापते. अडकलेला थर्मोस्टॅट बदलावा. रात्री-अपरात्री घरी पोचण्यासाठी काढला असेल तर दुसऱ्या दिवशी नवा बसवावा.

साधे पाणी की कूलंट, या वादात तथ्य दोन्हीकडे आहे. उष्णता वाहून न्यायला शुद्ध पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस असते. पण ते लवकर उकळते आणि गंज रोखत नाही. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत गंजरोधक कूलंटला पर्याय नाही. रंग सारखा म्हणून दोन कूलंट मिसळू नयेत. रंगाला सर्वमान्य नियम नाही, म्हणून मॅन्युअलमधला प्रकारच भरावा.

प्रेशर वॉशरबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. जवळून मारलेला तीव्र झोत रेडिएटरचे पंख आडवे करतो आणि चिखल आणखी आत ढकलतो. गळती थांबवणारे डब्यातले द्रव्य रस्त्यात अडकल्यावर एकदा वापरता येते, पण ते बारीक नळ्याही बुजवू शकते, म्हणून नंतर यंत्रणा धुऊन काढावी लागते. विजेच्या पंख्याला हाताने चालवायचा स्विच जोडणे मला उपयुक्त वाटते. खोल पाण्यात शिरताना पंखा बंद ठेवता येतो आणि बाहेर येताच चालू करता येतो. वायरिंग मात्र रिले आणि फ्यूजसह, जाणकाराकडूनच करून घ्यावे.

स्नॉर्केल लावला म्हणजे गाडी पाण्याला निर्धास्त झाली, असेही अनेकांना वाटते. स्नॉर्केल इंजिनात पाणी शिरण्यापासून वाचवतो. रेडिएटर, पंखा आणि जोड यांना त्याचा उपयोग नाही. २०२० च्या थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आणि गुरखाची ७०० मिलिमीटर सांगितलेली आहे. ही मापे स्वच्छ, संथ पाण्याची समजावीत. खाणीच्या गाळाला ती लावू नयेत.

वाटेत गाडी तापली तर

काटा चढू लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि भार कमी करून सुरक्षित जागी थांबा. वाफ दिसत नसेल, पंखा फिरत असेल आणि कूलंट शिल्लक असेल तर इंजिन हलक्या फेऱ्यांवर चालू ठेवल्याने ते लवकर गार होते. वाफ येत असेल, पाणी सांडलेले असेल किंवा पंखा बंद असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करा. झाकणाला हात लावू नका. दाबाखालचे कूलंट उसळून चेहरा आणि हात गंभीर भाजू शकतात. किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

दुसरे काहीच नसेल तर व्हाळाचे पाणी फडक्यातून गाळून भरता येते. तसे केल्यास पुढच्या एक-दोन दिवसांत यंत्रणा धुऊन योग्य कूलंट भरावे आणि अडकलेली हवा काढावी. त्यासाठी गार गाडीचे तोंड थोडे उंच ठेवून, हीटर चालू करून, झाकण उघडे ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवतात. भाड्याच्या गाडीत हे प्रयोग करू नयेत. गाडी घेतानाच कूलंटची पातळी आणि जाळी पाहून फोटो काढून ठेवावा, आणि गाडी तापली तर थांबून मालकाला कळवावे.

धुण्याची वेळ आणि जागा

सगळ्या आढाव्यातून एकच काम बाकी सर्वांच्या वर उठून दिसते. गाडी त्याच संध्याकाळी, चिखल ओला असताना धुवायला हवी. इंजिन गार झाल्यावर साध्या पाइपाने, कमी दाबाने, इंजिनाच्या बाजूकडून समोरच्या दिशेने पाणी सोडावे, म्हणजे चिखल आला त्याच वाटेने बाहेर जातो. वाळला असेल तर सौम्य शॅम्पूच्या पाण्याने अर्धा तास भिजवून पुन्हा धुवावे, आणि खालून येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवावे. खाजनातून किंवा किनाऱ्याजवळून आलेल्या गाडीचे जोड गोड्या पाण्याने पुसून कोरडे करावेत.

हे धुणे व्हाळात, नदीत किंवा तळ्यात करू नये. तेल आणि गाळ तिथल्या शेतात आणि विहिरीत जातो, आणि डिचोलीच्या गावांनी खाणींचा गाळ पुरेसा सोसला आहे. किनाऱ्यावर गाडी नेण्यास गोव्यात बंदी आहे. मोरजीला समुद्री कासवे अंडी घालायला येतात आणि ती बंदी पाळणे हे आपले काम आहे. खाणीच्या पट्ट्यात, खाजगी सड्यावर किंवा शेताच्या बांधावर परवानगीशिवाय शिरू नये.

फोर-बाय-फोर बाळगणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. चिखलात जाण्याचा बेत आखताना परतीच्या संध्याकाळचा धुण्याचा एक तासही त्या बेतात धरा. गाडी तापलीच, तर ती कधी आणि कशी तापली हे लिहून ठेवा, पहिल्या तीन पायऱ्या स्वतः तपासा आणि मगच गॅरेजला जा. इंजिन उघडण्याचा निर्णय पुराव्यावर घ्या. आणि काटा लाल पट्ट्याजवळ दिसला की पुढच्या गावापर्यंत रेटू नका. तिथेच थांबा.